वाढ

लेवार्डनच्या त्या सुपरमार्केटात
दुधाचं खोकं बारा लिटरचं.
पंधरा वर्षांच्या फेनाने उचललं तरी बाराच,
चाळिशीतल्या योरिटने उचललं तरी बाराच.
खोक्याला कुणाचा जन्मदाखला वाचता येत नाही.

कायद्याला येतो.
पंधराव्या वर्षी शंभरातले तीस,
अठराव्याला निम्मे,
विसाव्याला ऐंशी,
आणि एकविसाव्या वाढदिवशी, पहाटे, झोपेतच
माणूस शंभर नंबरी होतो.
ब्रेड मात्र पहिल्यापासून सगळ्यांना पूर्ण किमतीचा.
सायकलचं पंक्चरही.

वित्स्के रविवारी रात्री कामाच्या पाळ्या लावते,
स्वयंपाकघरात, मटाराचं सूप मंद आचेवर ठेवून.
पडद्यावर प्रत्येक नावाशेजारी एक बारीक आकडा:
ताशी खर्च.
बेरीज फुगली की खालचा चौकोन लाल होतो.
तो हिरवा होईस्तोवर ती नावं इकडची तिकडे करते.
कुणी तिला असं कर म्हणून सांगितलेलं नाही.
फक्त दर सोमवारी वरच्या साहेबांचा फोन येतो,
आणि ते आधी हवापाण्याची चौकशी करतात.

त्या मुलखात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात.
त्यावर वार नसतात, साल नसतं,
नुसत्या तारखा आणि नावं,
म्हणजे एकदा लिहिलं की जन्मभर पुरतं.
वित्स्केच्या कॅलेंडरवर, नऊ मार्चच्या रेघेवर,
तिच्याच अक्षरात: हिडे.
शेजाऱ्यांचा मुलगा. कांजिण्या आल्या तेव्हा
आठवडाभर हिच्याच सोफ्यावर झोपलेला.
दरवाजा लावून ती तिथे बसली होती,
गरजेपेक्षा बरीच जास्त वेळ.

सहा वर्षं हिडे त्या दुकानात.
जुनं दही पुढे, ताजं मागे, हे त्याला डोळे मिटून येतं.
दर शुक्रवारी येणाऱ्या बहिऱ्या आजोबांना
कुठलं बिस्कीट हवं, तेही.
फेनाला त्यानेच शिकवलं:
कमरेतून नाही, गुडघ्यातून वाक,
पाठ एकच मिळते.
ती भराभर शिकली. हुशार पोर.
तो हसून म्हणाला, आता मी कशाला लागतो?

नऊ मार्चला तो केक घेऊन आला.
तिकडे वाढदिवस ज्याचा, त्यानेच खाऊ घालायचं.
आमच्याच कपाटातला केक, दहा टक्के सवलतीत;
ही सवलत तेवढी सगळ्या वयांना सारखी.
सगळ्यांनी हात मिळवले, त्याच्याशी आणि एकमेकांशीही,
कारण तिकडे अभिनंदन आजूबाजूच्यांचंही करतात.
वित्स्केचंही केलं कुणीतरी:
अभिनंदन, तुमचा हिडे एकवीसचा झाला!
तिच्या हातात कागदी बशी होती.
करार महिनाअखेर संपत होता, आपोआप,
जसा कुठलाही कागद संपतो.
कुणी त्याला काढलं नाही.
कुणी त्याला ठेवलं नाही, इतकंच.

वाढदिवस म्हणतो आपण.
आणि दुकान बंद करायचं झालं
तर आपण ते बंद करत नाही, वाढवतो.
बांगडी फुटत नाही, वाढते.
समोर असते ती गोष्ट नाही असं म्हणायला
जीभ कचरते आपली, म्हणून आपण
उलट्या टोकाचा शब्द उचलतो.
वित्स्केला मराठी येत नाही.
पण त्या संध्याकाळी तिने शटर खाली ओढलं
तेव्हा तिलाही नेमका शब्द सापडत नव्हता,
हिडेच्या आईशी फोनवर बोलताना.
हवापाण्याचं बोलली.

एप्रिलमध्ये फेनाच्या पाळ्या दुप्पट झाल्या.
रिकामी खोकी चपटी करता करता
ती योरिटला हळूच म्हणाली,
ऑक्टोबरात माझा असतो.
पण इथे कुणाला सांगू नकोस हं.
मी केक आणणार नाहीये.